साडूंचं राज्य कुणी घालवलं

राजा व्हायला राज्य लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या साडूंना पाहिलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सातिवलीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात स्टोअरकीपर म्हणून काढली, निवृत्त झाले, आणि ज्या वयात माणसं सकाळी बागेत जाऊन गोलात उभं राहून टाळ्या वाजवायला लागतात, त्या वयात ते दरबारात जायला लागले. वसई पूर्वेला आमची इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर समोरासमोरच्या दोन फ्लॅटांत आम्ही दोन साडू गेली कित्येक वर्षं राहतो. म्हातारपणी एकमेकींना सोबत व्हावी म्हणून दोघी बहिणींनी ही व्यवस्था केली. आम्हां दोघांना कुणी विचारलं नव्हतं. या इमारतीत साडूंविषयी एक गोष्ट सांगितली जाते. नवा भाडेकरू आला की त्याला पाण्याची वेळ सांगतात, कचऱ्याची वेळ सांगतात आणि मग ही गोष्ट सांगतात: तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना एकदा मालिकेत सिंहासनावर बसायला बोलावलं होतं, पण काका दुपारचे झोपले होते, आणि झोपेत त्यांचं राज्य गेलं. लोक हसतात. साडू समोर असले तर मान किंचित झुकवून ते हसणं स्वीकारतातसुद्धा. ती गोष्ट खोटी आहे. खोटी आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे, कारण तिच्यातला खोटेपणा माझा आहे. मी पंचाहत्तरीला आलो, साडू माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. दोघांपैकी एकजण जायच्या आत ती गोष्ट नीट सांगून टाकावी, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

राजेरजवाड्यांच्या सिनेमांचं वेड त्यांना शाळकरी वयापासून. त्यांच्या गावाबाहेर तंबू पडायचा, त्यात काळेपांढरे राजे यायचे, आणि साडू खाली मातीत बसून एकेकाची पारख करायचे. ती पारख आजतागायत चालू आहे. प्रेम, युद्ध, गाणी, कटकारस्थानं यांत त्यांना फारसा रस नाही. राजा कोण झालाय आणि तो कसा बसतो, एवढंच ते पाहतात. त्यांच्या मते जगातले सगळे नट दोन प्रकारांत मोडतात, बसणारे आणि टेकणारे. टेकणारा नट बसण्याआधी मागे वळून खुर्ची आहे ना, ते बघतो. “मागे बघितलं की संपलं,” साडू म्हणतात. “राजाच्या मागे सिंहासन असतंच. नसलं तर ती सिंहासनाची चूक.” पेल्यातून मद्य पिताना ज्याच्या गळ्याची घाटी हलत नाही, तो नट त्यांच्या लेखी कायमचा बाद. खलिता वाचताना डोळे ओळींवरून फिरले पाहिजेत. एका फार मोठ्या नटाचं नाव त्यांच्या घरात घ्यायचं नाही, कारण त्याने भर दरबारात खलिता उलटा धरला होता, हे साडूंनी तो सिनेमा तिसऱ्यांदा पाहताना पकडलं. राजाने मरताना लांबलचक बोलायला त्यांची हरकत नाही. मात्र आधी उशी नीट करून मग बोलणारा राजा त्यांना चालत नाही. राण्यांच्या बाबतीत ते पुष्कळ उदार आहेत. राणीने जिना उतरताना पायांकडे पाहू नये, इतकीच अट. एका जुन्या नटीने एका सिनेमात राजवाड्याचा सबंध जिना खाली न बघता, मागे हातभर लांब शेला ओढत उतरून दाखवला होता. त्या बाई वारल्या त्या दिवशी साडूंनी उपास केला. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “माझी आई गेली तेव्हा तुम्ही दोन वेळा जेवला होतात.” साडू शांतपणे म्हणाले, “आईंचं घर बैठं होतं.”

इतकी वर्षं राजे पाहून त्यातलं थोडं माणसाच्या अंगात उतरणारच. साडू आमच्या इमारतीचा जिना उतरतात ते पाहण्यासारखं असतं. लिफ्ट चालू असली तरी ते लिफ्टने येत नाहीत, कारण लिफ्टचं दार उघडल्यावर आत आधीच कुणीतरी उभं असण्याची शक्यता असते आणि त्याने प्रवेश बिघडतो. कठड्याला हात न लावता, नजर समोर ठेवून, एकेक पायरी ते अशी घेतात की खालून वर येणारी माणसं नकळत भिंतीला चिकटून वाट देतात. दूधवालाही देतो. दारात आलेल्या माणसाला ते “या” म्हणत नाहीत, नुसता उजवा तळहात वर करतात. गॅस सिलिंडर आणणाऱ्या माणसाला सुरुवातीला वाटायचं, काका थांब म्हणतायत, आणि तो सिलिंडर जिन्यातच ठेवून उभा राहायचा. बाजारात ते घासाघीस करत नाहीत. नाक्यावर मासे घेऊन बसणारी एक म्हातारी कोळीण आहे. साडू तिच्या पाटीसमोर ताठ उभे राहून नुसतं बोट दाखवायचे. ती खालूनच ओरडायची, “काय राजा, बोंबील घेनार का नुसताच उभा ऱ्हानार? तुझ्या सावलीत मासली सुकली माझी!” तिने सांगितलेला भाव साडूंना मान्य असायचा. हे अक्काच्या लक्षात आल्यावर तिने त्यांच्याबरोबर मला पाठवायला सुरुवात केली. माझं काम भाव पाडण्याचं. साडू दोन पावलं मागे उभे राहायचे आणि म्हणायचे, “धाकटे, बघा जरा.” धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून मी धाकटे. माझे केस त्यांच्या आधी पांढरे झाले, तरी मी धाकटेच राहिलो.

नायगावच्या बाजूला मालिकांच्या शूटिंगच्या मोठमोठ्या शेड उभ्या राहिल्या, त्यांत राजेशाही मालिकांचे दरबार लागले, आणि दरबार म्हटल्यावर सरदार लागतात. गर्दीतली माणसं पुरवणारा नालासोपाऱ्याचा एक को-ऑर्डिनेटर होता. त्याने साडूंना बँकेच्या रांगेत पाहिलं. पासबुक भरून घ्यायचं मशीन बंद पडलं होतं, सगळे वैतागून कुठे कुठे टेकले होते, आणि साडू एकटे रांग नसलेल्या रांगेत हात मागे बांधून उभे होते. तो मुलगा जवळ येऊन म्हणाला, “काका, सरदार बनणार का? मिशी ओरिजिनल आहे ना?” साडूंनी पासबुक खिशात घातलं. मशीन नंतर चालू झालं म्हणतात, पण ते परत गेले नाहीत.

त्या दिवसापासून आमच्या घरातली भाषाच बदलली. शूटिंगला गेलो होतो असं साडू कधीच म्हणाले नाहीत. “आज दरबार भरला होता,” म्हणायचे. “महाराजांचं मन थाऱ्यावर नव्हतं,” म्हणायचे. म्हणजे मुख्य नटाला सर्दी झालेली असायची. प्लायवूडचं सिंहासन, सोनेरी रंग लावलेले थर्माकोलचे सिंह, आणि आधीच्या माणसाच्या घामाने अजून ओला असलेला अंगरखा, या सगळ्यांत ते असे वावरायचे की ड्रेसवालासुद्धा त्यांना अंगरखा देताना दोन्ही हातांनी द्यायला लागला. उजवीकडच्या रांगेतली तिसरी जागा त्यांची. एकदा त्यांना पाचव्या जागेवर हलवलं, तर घरी येऊन ते जेवले नाहीत. अक्काने कारण विचारल्यावर म्हणाले, “आपल्याविरुद्ध कुणीतरी कान भरलेत.” खरं म्हणजे तिसऱ्या जागेवर पंख्याची वायर आली होती. आणखी एक नेम त्यांनी पाळला, आणि पुढचं सगळं त्या नेमातून आलं, म्हणून सांगतो. शॉट संपला की बाकीचे सरदार तलवारी बाजूला टाकून, अंगरखे वर खोचून, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मोबाइल काढून बसायचे. साडू बसायचे नाहीत. अंगावर सरदाराचे कपडे असेपर्यंत ते तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभे. चहा उभ्याने, जेवण उभ्याने. त्यांच्या शेजारी, चौथ्या जागेवर, विरारचे एक निवृत्त कंडक्टर असायचे. तेही उभेच असायचे, पण ते सवयीने. जेवणाच्या सुट्टीत साडू त्यांना राजे कसे बसतात ते समजावून सांगायचे आणि कंडक्टर मान हलवत भात संपवायचे. डायरेक्टरचं लक्ष कधीतरी या उभ्या माणसाकडे गेलं असावं. पण साडूंना ते कुणी सांगितलं नाही.

मोबाइल साडूंनी सोडून दिला होता. अंगरख्याला खिसा नसतो. एकदा त्यांनी मोबाइल कमरेच्या शेल्यात खोचला आणि तो राज्याभिषेकात वाजला. तेव्हापासून त्यांनी को-ऑर्डिनेटरला माझा नंबर देऊन ठेवला. मला म्हणाले, “निरोप तुमच्याकडे येतील. तेवढे पोचवत चला.” मी बरं म्हटलं. दुसरा हुकूम झोपेचा. राजा दुपारी विश्रांती घेतो, आणि विश्रांतीतून राजाला उठवायचं नसतं. चारच्या आत त्यांची बेल वाजवायची नाही. एकदा भुईभाड्याच्या कसल्याशा सहीसाठी सोसायटीचा माणूस आला म्हणून मी तीन वाजता बेल वाजवली होती. साडू दारात आले, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेले. त्या न बोलण्याचा त्रास मला आठवडाभर झाला.

आता माझं सांगतो. माझ्या नातीचं बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. सूनबाईच्या माहेरची मंडळी पहिल्यांदाच एवढ्या संख्येने आली होती. जेवणं झाल्यावर पानसुपारीला साडूंच्या दरबाराचा विषय निघाला आणि व्याही सहज म्हणाले, “मग आमच्या व्याह्यांनाही न्या की एकदा. तेही सरदार होतील.” साडूंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं. मासे घेताना मी बोंबील पाहतो तसं. मग म्हणाले, “धाकट्यांचा बांधा हुजऱ्याचा आहे.” हॉल हसला. साडूंना कळेना लोक का हसतात. ते आणखी गंभीर होऊन म्हणाले, “चांगला हुजऱ्या मिळणं फार कठीण असतं. सरदार पैशाला पासरी मिळतात.” तेव्हा तर माझी सूनही हसली. माझी बायको घरी आल्यावर म्हणाली, “भावोजींनी कौतुकच केलं हो तुमचं.” मी म्हटलं, “कळलं मला.” मी एका कंपनीत हेडक्लार्क होतो, माझ्या हाताखाली बारा माणसं होती, हे सांगायची ती जागा नव्हती. म्हणून ते सांगायचं राहून गेलं आणि आतल्या आत आंबत राहिलं.

बारशानंतर काही दिवसांनीच दुपारी माझा फोन वाजला. दोन-अडीचचा सुमार. माझी बायको आतल्या खोलीत पडली होती, मी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. नालासोपाऱ्याचा तो मुलगा बोलत होता. “काका, ते उभे राहणारे काका आहेत ना? त्यांना द्या पटकन.”

मी म्हणालो, “महाराज विश्रांती घेत आहेत. चारनंतर फोन करा.” आणि ठेवून दिला.

मला फार बरं वाटलं. हुजऱ्याने जे म्हणायला हवं तेच मी म्हणालो होतो, आणि तेही साडूंच्याच हुकमाप्रमाणे. हे संध्याकाळी त्यांना कसं ऐकवायचं याची मनात जुळवाजुळव करतोय, तोवर पुन्हा फोन वाजला.

“काका, मस्करी नका करू यार! राजाचं काम आहे. म्हातारा राजा, सिंहासनावर बसायचंय, डायलॉग आहे. जो ॲक्टर होता त्याचा बीपी वाढला, तो गेला हॉस्पिटलात. डायरेक्टर बोलतोय, तो उभा राहणारा माणूसच पाहिजे. मी गाडी पाठवतो. तुम्ही फक्त उठवा त्यांना. नायतर मी दुसरा बसवतो, युनिट थांबणार नाही.”

“बघतो,” मी म्हणालो.

मी चपला घातल्या. दार उघडलं. मधला पॅसेज ओलांडून साडूंच्या दाराशी गेलो. बेलवर बोट ठेवलं. आतून घोरण्याचा आवाज येत होता, चांगला खर्जातला. बोट बेलवर ठेवून मी उभा राहिलो, आणि त्या वेळी मला व्याह्यांचं हसणं ऐकू आलं, सुनेचं ऐकू आलं. चारच्या आत बेल वाजवायची नाही, हा त्यांचाच हुकूम आहे, असं मी स्वतःला सांगितलं. मी बोट काढलं आणि घरी परत आलो. फोन पुन्हा वाजला नाही.

चार वाजून गेल्यावर साडू नेहमीसारखे आमच्याकडे चहाला आले. बशीत चहा ओतण्याआधी रोज विचारायचे तसं विचारलं, “काही निरोप?”

“नाही,” मी म्हणालो.

डायरेक्टरने म्हणे सांगितलं, तो झोपलाय तर त्याच्या शेजारचा बसवा. शेजारचे म्हणजे विरारचे कंडक्टर. भूमिका दोनच दिवसांची होती. राजाने दरबारात एकदा बसायचं, एक वाक्य बोलायचं आणि पुढच्या भागात मरायचं. पण तो म्हातारा राजा लोकांना आवडला, म्हणून त्याचं मरण पुढे ढकललं. राजवैद्य दर आठवड्याला येऊन नाडी पाहायचा, चिंतेने मान हलवायचा आणि राजा पुन्हा उठून बसायचा. असं वर्षभर चाललं. कंडक्टरांच्या दाढीची विरारमधल्या पोरांनी नक्कल केली. गणेशोत्सवात, दुकानांच्या उद्घाटनाला त्यांचे मुकुट घातलेले बॅनर लागले. आणि आमच्या साडूंना दरबाराचं बोलावणं येणं थांबलं. को-ऑर्डिनेटर रागावला होता. ज्याच्या घरून असली उत्तरं मिळतात, त्या माणसाला कोण बोलावणार? साडू रोज विचारायचे, “काही निरोप?” मी रोज नाही म्हणायचो, आणि ते आता खरंच असायचं. ते म्हणायचे, “सध्या राज्यात शांतता दिसते.”

पहिल्यांदा पडद्यावर कंडक्टर सिंहासनाकडे चालत आले, तेव्हा मी साडूंच्या शेजारीच सोफ्यावर होतो. साडू पुढे सरकून बसले. “अरे, हे आपले चौथ्या जागेवरचे!” कंडक्टर चालत आले, वळले आणि मागे न बघता बसले. साडूंनी मांडीवर थाप मारली. “बघितलंत? मी सांगितलेलं लक्षात ठेवलं त्यांनी! जेवताना सांगितलं होतं मी.” अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, “मग तुम्हालाच का नाही बसवलं त्यांनी?” साडू पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “त्यांची दाढी बरी आहे.” पुढे वर्षभर त्यांनी त्या राजाचा एक भाग चुकवला नाही. मीही चुकवला नाही. मला उठून जाणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणपतीला प्रमुख पाहुणे म्हणून कंडक्टरच आले. जुने सहकारी म्हणून हार घालायचा मान साडूंना. हार घालून झाल्यावर साडू त्यांच्या कानात म्हणाले, “बसता उत्तम. उठताना डावा हात टेकता, तेवढं सोडा.” कंडक्टर सरळ, भाबडे गृहस्थ. भाषणात त्यांनी माइकवरून कृतज्ञतेनं सगळं सांगून टाकलं. “मंडळी, खरं सांगायचं तर ती गादी माझी नव्हे. ती या काकांची. त्या दिवशी यांनाच फोन केला होता. पण घरून कुणीतरी सांगितलं, महाराज विश्रांती घेत आहेत, चारनंतर करा! म्हणून माझा नंबर लागला. काका झोपले आणि मी जागा झालो!”

मांडव हसून हसून लोटपोट झाला. साडू पहिल्या रांगेत होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे एकदाच पाहिलं. फोन कोणाचा होता, हे त्या मांडवात त्यांना, मला आणि आमच्या बायकांना माहीत होतं. माझी बायको माझ्याकडे बघायला लागली. व्याहीही त्या दिवशी आरतीला आलेले होते, तिचं पाहून तेही माझ्याकडे बघायला लागले. आणि मी काही बोलायच्या आत साडू उठले, मांडवाकडे वळले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “बरोबर आहे. माझाच हुकूम होता. दुपारी मला उठवायचं नाही.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ही टाळ्या वाजवल्याची गोष्ट मला अजून सोडत नाही.

त्या दिवसापासून झोपेत राज्य घालवलेला राजा हे त्यांचं नाव पडलं. लिफ्टमध्ये, गच्चीत, मीटिंगमध्ये कुणी ना कुणी ते म्हणतंच. अक्काला तर आयतं कोलीत मिळालं. दुपारी ते आडवे झाले की ती म्हणते, “झोपा, झोपा. जागं राहून आता कुठलं राज्य मिळायचंय!” साडूंनी मला त्या फोनविषयी एका अक्षराने विचारलं नाही. गमतीत एक फोन टाळला गेला, एवढं त्यांना कळलं होतं, आणि तेवढं त्यांनी स्वतःच्या अंगावर घेऊन मिटवलं होतं. दुसरा फोन आणि बेल कुणालाच माहीत नव्हती.

ते मी त्यांना अलीकडे सांगितलं. दोघी बहिणी वसईतल्या होळी नावाच्या भागात ओळखीच्या वाडीत केळी आणायला गेल्या होत्या. साडूंच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा लावून ते टीव्हीवर एक जुना राजा आवाज बंद करून बघत होते. बसणं बघायला आवाज लागत नाही, असं त्यांचं मत आहे. समोर बशीत वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी होती.

“त्या दिवशी दोन फोन आले होते,” मी म्हणालो. कुठला दिवस, ते त्यांनी विचारलं नाही. “दुसऱ्या फोनवर त्याने सगळं सांगितलं होतं. राजाचं काम, सिंहासन, वाक्य. गाडी पाठवतो म्हणाला. मी तुमच्या दारापर्यंत आलो होतो.”

साडू पडद्याकडे बघत राहिले. “गाडी पाठवणार होते?”

“हो.”

“एसी?”

“ते नाही विचारलं.”

“विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “मग परत का गेलात?”

“राग होता. बारशाला तुम्ही मला हुजऱ्या म्हणालात.”

त्यांनी बराच विचार केला. “आठवत नाही. पण म्हणालो असेन, तर नीट बघूनच म्हणालो असेन.”

मला या वयातही राग आला. मी म्हणालो, “आणि तुम्ही आत घोरत होतात!”

“मी नाही. ती.” साडूंनी चष्मा काढला. “तिला सांगू नका. आपण घोरतो हे तिला मान्य नाही.” हे आता छापून येतं आहे, त्याला माझा इलाज नाही. “मला दुपारची झोप लागत नाही, धाकटे. कधीच लागली नाही. सबंध नोकरीत कधी दुपारचा आडवा झालो नाही, निवृत्त झाल्यावर झोप कुठून येणार? नुसता पडून असायचो.”

“मग तो हुकूम कशाला काढला होतात?”

“नाहीतर लोक म्हणाले असते, रिकामा बसलाय. फोनची वाट बघत.”

पडद्यावरचा राजा उठून उभा राहिला होता आणि त्याच्यापुढे सगळा दरबार वाकला होता. साडू त्याच्याकडे बघत नव्हते.

“तुमच्या चपला ऐकल्या होत्या मी,” ते म्हणाले. “डावा पाय घासता तुम्ही. दाराशी येऊन थांबलात. मी उठून बसलो, धोतर सारखं केलं. मिशीवरून हात फिरवला. मग चपला परत गेल्या.”

“अहो, मग दार उघडायचंत की!”

“म्हटलं, बोलावणं असतं तर तुम्ही बेल वाजवलीच असती.”

जिन्यातून दोघी बहिणींचे आवाज यायला लागले. लिफ्ट बंद होती, आणि केळ्यांचा घड कुणी धरायचा यावर त्यांचं चाललं होतं. साडूंनी चष्मा परत लावला आणि सुकेळ्यांची बशी माझ्या बाजूला सरकवली. मी एक उचललं. त्या आत येऊन, पाणी पिऊन, भाव सांगून होईपर्यंत ते माझ्या हातातच होतं.